नारळ स्वीकारले जाणार नाहीत

मॅडमच्या घरी नारळ घेऊन गेलेला माणूस नारळ घेऊनच परत यायचा. पिशवीतला तो गोल आकार दिसला की त्यांचे डोळे बारीक व्हायचे आणि पाहुण्याने चपला काढायच्या आतच त्या म्हणायच्या, "थो नारळ पिशवीतच राहू द्या. मंग बसा." प्रसादाचं फोडलेलं खोबरं त्या आवडीने खायच्या, मागूनसुद्धा घ्यायच्या. राग होता तो अख्ख्या, शेंडीवाल्या, हळदकुंकू लावलेल्या नारळावर. शेजारणींना हे विचित्र वाटायचं. बाईला काही तरी बाधा असावी असंही एकदोघी बोलायच्या. बाधा होती हे खरं, पण ती अकोल्यातल्या सगळ्या सत्कारमूर्तींनी मिळून केलेली होती.

मॅडम मूळच्या पातूरकडच्या एका खेड्यातल्या. अकोल्यात आईबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि बाळापूरच्या एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवायला जायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "शाळेले अनुदान आलं का करतो." माझ्या धाकट्या बहिणीला त्यांनी शिकवलं, म्हणून आमच्या घरात त्या नुसत्या 'मॅडम'. बाकी दुनियेला त्या मानपत्रवाल्या मॅडम म्हणून ठाऊक होत्या.

कारण आमच्याकडे शाल आणि श्रीफळ यांच्यामध्ये एक फ्रेम लागते. कुणी निवृत्त होवो, कुणाची साठी येवो, काचेच्या फ्रेममधलं मानपत्र वाचल्याशिवाय सत्कार पुरा होत नाही. ते मानपत्र मॅडम लिहायच्या. ज्याच्याशी घरात बायकोसुद्धा बोलत नव्हती अशा माणसालाही त्यांनी 'अजातशत्रू' करून सोडलं होतं. खाली नाव 'समस्त मित्रपरिवार' यांचं. मॅडमना मिळायचा नारळ. "तुमच्या लेखणीवर सरस्वती बसली आहे मॅडम," असं म्हणून लोक नारळ ठेवायचे, चहा प्यायचे आणि जायचे. अख्खं वऱ्हाड शेंगदाण्याच्या कुटावर जगत असताना मॅडमच्या घरी वांग्याच्या भाजीतही ओलं खोबरं असायचं. त्यांची आई म्हणायची, "या पोरीनं म्हातारपणी मले कोकणात आणून टाकलं."

मग ती वाईट वर्षं आली. कापूस गेला, त्यापाठोपाठ सोयाबीन गेलं, आणि बापांनी पोरं फी नसलेल्या शाळांत नेऊन घातली. संस्थेने तुकड्या कमी केल्या आणि मॅडमना घरी बसायला सांगितलं. निरोप समारंभ मात्र साग्रसंगीत ठरला. संस्थेचे सचिव आदल्या दिवशी मॅडमकडे आले आणि संकोचून म्हणाले, "मानपत्र तेवढं तुम्हीच लिहून द्या. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहिणार?" मॅडमनी स्वतःचं निरोपाचं मानपत्र स्वतः लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर ते वाचलं गेलं, टाळ्या झाल्या, अध्यक्षांनी शाल पांघरली आणि नारळ पुढे केला. मॅडमनी शाल ठेवून घेतली. नारळ अध्यक्षांच्याच ओंजळीत परत ठेवला आणि माईकमध्ये शांतपणे म्हणाल्या, "हा राहू द्या. आता पुढचं लिहिणं मी नारळावर करत नसतो." माझी बहीण त्या कार्यक्रमाला होती. ती सांगते, टाळ्या वाजवाव्या की नाही हे कुणालाच कळेना.

मॅडमचा धाकटा भाऊ गावाकडे शेती पाहायचा. मोठा गरीब स्वभावाचा माणूस. तो पुढच्याच आठवड्यात आला. म्हणाला, "ताई, आईले घे अन् गावाकडं चाल. लिहून कोणाचं पोट भरते का?" मॅडम त्याला म्हणाल्या, "तुया घरी येईन तं पाहुणी म्हणून येईन. दोन दिवस राहीन, पुरणाच्या पोया खाईन अन् वापस येईन. आश्रित म्हणून नाही येत." त्या काळात त्याच्या घरी भाकरीला अजून दोन तोंडं म्हणजे काय होतं हे दोघांनाही माहीत होतं. एवढंच ठरलं की दिवाळीपर्यंत पाहायचं. तोवर लिहिण्यावर दोन खोल्यांचं भाडं आणि आईचं औषध निघालं तर ठीक, नाही तर सामान टेम्पोत भरायचं.

माझा तेव्हा अकोल्यात सायबर कॅफे होता. मॅडम एका दुपारी आल्या तेव्हा भारनियमन सुरू होतं, पंखे बंद, गिऱ्हाईक एक नाही. मी म्हटलं, "मॅडम, लाइन दोन तास येत नाही." त्या बाकावर बसल्या आणि पर्समधून कागद काढून लिहू लागल्या. "लाइन येईन तवा येईन. माया पेन काही विजेवर चालत नाही." कुठल्याशा पुरवणीत त्यांनी वाचलं होतं की लिहिणारे लोक स्वतःची वेबसाईट काढतात आणि घरबसल्या काम मिळवतात. लाइन आल्यावर त्यांनी विचारलं, "रफीकभाऊ, वेबसाईट म्हणजे नेमकं काय असते?" मी धंदेवाईक माणूस, धंद्याच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, "दुकान समजा. भाडं कमी, शटर कधी बंद होत नाही." मॅडम म्हणाल्या, "मंग मले दुकान टाकायचं हाये."

मला वेबसाईट बनवता येत होती असं म्हणणं म्हणजे मला पोहता येतं असं मोर्णा नदीच्या घोटाभर पाण्याच्या भरवशावर म्हणण्यासारखं होतं. पण एक तयार साचा माझ्याकडे होता, मूळचा कुणाच्या तरी लग्नाचा. मॅडमनी त्यातली फुलांची चौकट पसंत केली. शाळेच्या ओळखपत्रावरचा काळापांढरा फोटो आम्ही त्या चौकटीत बसवला. परिचय त्यांनी घरून लिहून आणला आणि मी टाइप केला. "ज्यांच्या लेखणीतून शब्दसुमनांची अखंड बरसात झाली, ज्यांनी ज्ञानदानाचे असिधाराव्रत निष्ठेने निभावले, ज्यांच्या सहवासाचा सुगंध सर्वांच्या मनात दरवळत राहील…" मला फार भारी वाटलं. मॅडमनाही वाटलं. अम्मीला वाचून दाखवलं तर तिने डोळे पुसले. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिला फोन अमरावतीहून आला. मॅडमच्या घरचाच नंबर दिलेला होता आणि त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. मॅडमनी फोन उचलला. पलीकडचे गृहस्थ ठिबक आणि पंपांचे एजंट होते. त्यांच्या सासऱ्यांचं मानपत्र कधी काळी मॅडमनी लिहिलं होतं. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं हो. मॅडम कधी गेल्या?" मॅडम म्हणाल्या, "मी अठीच हावो. चहा मांडून राहिली." पलीकडून एकदम फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्या हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "रफीकभाऊ, वाचा बरं पुन्हा." मी कॅफेतून छापून आणलेला कागद मोठ्याने वाचला. फुलांची चौकट, काळापांढरा फोटो, 'दरवळत राहील'. वाचून संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे तं दहाव्याचं हाये." आणि मग मात्र आम्ही इतके हसलो की त्यांची आई आतून विचारायला आली. हसून झाल्यावर मॅडमनी खरी चूक दाखवली. त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या कागदात मले काम पाह्यजे असं कुठीच लिहेल नाही." नव्हतंच लिहिलेलं. मानपत्रात कधी काही मागायचं नसतं, तिथे फक्त द्यायचं असतं, आणि मॅडमचा हात तसाच वळलेला होता. दुकान टाकलं, तोरण बांधलं, पण आत काय विकतो ते सांगायचंच राहिलं.

मग त्यांनी परिचय नव्याने लिहिला. तो तीन वाक्यांचा होता: मी लिहिते. पैसे घेते. वेळेत देते. अख्खं मानपत्र त्या एका बैठकीत लिहायच्या. या तीन वाक्यांना त्यांना जवळजवळ आठवडा लागला, आणि त्यातलं मधलं वाक्य त्यांनी कितीदा तरी खोडून पुन्हा लिहिलं. आई म्हणाली, "चारचौघांत असं पैशाचं लिहाव का बाई?" मॅडम म्हणाल्या, "लिहून देतानी लाज नाही वाटली, मंग घेतानी काहून वाटावी?" तरी ते वाक्य टाइप करताना त्यांनी तोंड खिडकीकडे केलं होतं.

दुकानात माल ठेवायचा म्हणजे जुनं लिखाण दाखवायचं. ते सगळं दुसऱ्यांच्या भिंतींवर लटकलेलं. मी कॅमेरा घेतला आणि आम्ही घरोघरी मॅडमच्याच शब्दांचे फोटो काढायला निघालो. एका निवृत्त साहेबांनी आम्हाला बसवलं, चिवडा दिला आणि फ्रेमसमोर उभे राहून म्हणाले, "हे सगळ्या मित्रांनी दिलेलं आहे. तुमचं कसं?" मला चीड आली. मॅडम मात्र जिना उतरताना म्हणाल्या, "त्याचं बरोबर हाये. एकदा देलेला मान वापस मांगाले येते का?" कॅमेऱ्यातले आधीचे फोटोही त्यांनी मला पुसायला लावले. म्हणाल्या, "नवं लिहू. ज्याले कोणीच देत नाही त्याले देऊ."

पहिलं मानपत्र त्यांनी लाइनमनला दिलं. भारनियमनाच्या त्या दिवसांत आमच्या वस्तीत सर्वांत जास्त शिव्या खाणारा माणूस तोच होता. मॅडमनी लिहिलं की याने लाइन घालवली हे सगळे सांगतात, पण ती घालवायचा हुकूम कुणाचा हे कुणी विचारत नाही. आणि पावसात खांबावर चढून ती परत आणताना खाली छत्री धरून कुणी उभं राहत नाही. 'शब्दसुमने' नव्हती, 'असिधाराव्रत' नव्हतं. लाइनमन स्वतः कॅफेत आला, खुर्चीत न बसता उभ्यानेच वाचू लागला, आणि अर्ध्यावर असताना लाइन गेली. कॅफेतले सगळे त्याच्याकडे पाहून हसले. तोही हसला आणि म्हणाला, "मी तं अठी हावो बाप्पा. मी नाही घालवली." तो दोन तास थांबला आणि उरलेलं वाचून गेला. त्यानंतर दर आठवड्याला एक मानपत्र वेबसाईटवर चढू लागलं आणि लोक कॅफेत ते वाचायलाच येऊ लागले. माझा धंदा वाढला. मॅडमचा मात्र अजून सुरूही झाला नव्हता.

दसऱ्याच्या सुमाराला मुंबईहून एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला. मानपत्रं त्यांना फार आवडली होती. आता तसंच एक हवं होतं, पण आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याला. फोटोत बायको, पोरं, शक्य झालं तर झाड. त्या वर्षांत बाहेरच्या लोकांना आमच्याकडून तेवढंच हवं असायचं. कॅमेरेवाले यायचे, गाव विचारायचे आणि दुपारच्या गाडीने परत जायचे. संपादकांनी सांगितलेला मोबदला ऐकून माझा कानांवर विश्वास बसेना. दिवाळीचा प्रश्न एका फटक्यात सुटत होता. मॅडम म्हणाल्या, "सर, मानपत्र जिवंत माणसाला असतं. तुम्ही म्हणत असाल तर त्याच गावातल्या, यंदा पेरून उभ्या राहिलेल्या बाईला देते." संपादक म्हणाले, त्यात बातमी काय आहे? मॅडम म्हणाल्या, "तिचं नाव." फोन संपला. मी चिडून म्हटलं, "मॅडम, एवढं एक लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या, "माणूस गेल्यावर त्याले फूल वाहाले बक्कळ लोक हायेत, रफीकभाऊ. मी आता जित्याचंच लिहितो. या दुकानात थेच मिळते."

दिवाळी आठवड्यावर आली. भाऊ खरंच टेम्पो ठरवून आला. आईने पितळेची भांडी पोत्यात भरायला घेतली होती. मॅडम खिडकीत बसून पुढचं मानपत्र लिहीत होत्या आणि भाऊ दारात उभा राहून ड्रायव्हरला "थांब जरा" म्हणत होता. त्याला ताईला घाई करवत नव्हती. मॅडमचा चेहरा मी पाहिला. हरल्याचा नव्हता, पण पोत्याकडे त्या एकदाही बघत नव्हत्या. तेवढ्यात एक स्कूटर थांबली. अमरावतीचे ते पंपवाले गृहस्थ होते. त्या फोननंतर लाज वाटून त्यांनी वेबसाईट पुन्हा उघडली होती आणि मग दर आठवड्याला वाचत गेले होते. त्यांच्या ठिबकची माहितीपुस्तिका कुणाला कळत नव्हती. लोक उलट्या नळ्या जोडायचे आणि शिव्या एजंटला द्यायचे. "मॅडम, लाइनमनबद्दल जसं लिहिलं तसं सोपं लिहून द्या," ते म्हणाले, आणि पिशवीत हात घालून त्यांनी एक मोठा, हळदकुंकवाचा नारळ काढला.

मॅडमचे डोळे बारीक झाले. मी मनात म्हटलं, मॅडम, आज घ्या, आजच्यापुरता घ्या. मॅडम म्हणाल्या, "थो पिशवीत ठेवा." गृहस्थ गोंधळले. "शुभ असते मॅडम." मॅडम म्हणाल्या, "शुभ चेकनं बी होते." त्यांनी एकदा मॅडमकडे, एकदा पोत्यातल्या भांड्यांकडे पाहिलं, नारळ आत ठेवला आणि खिशातून चेकबुक काढलं. भाऊ बाहेर जाऊन ड्रायव्हरला काहीतरी बोलला आणि टेम्पो रिकामाच गेला. आई भांडी परत मांडणीवर लावता लावता म्हणाली, "आता तरी खोबरं सुटन." त्याच संध्याकाळी वेबसाईटवर चौथं वाक्य आलं: नारळ स्वीकारले जाणार नाहीत.

ठिबकची पुस्तिका त्यांनी ज्या पद्धतीने लिहिली तीच पुढे त्यांची पद्धत झाली. लिहून झालं की त्या भावाला फोन लावायच्या आणि सगळं वाचून दाखवायच्या. तो वावरात असो की गोठ्यात, ऐकायचा. जिथे तो "म्हणजे?" म्हणाला तिथे मॅडम पेन्सिलने खूण करायच्या. ते वाक्य पुन्हा लिहायच्या. भाऊ एकही "म्हणजे?" न म्हणता शेवटपर्यंत ऐकेल तेव्हाच कागद बाहेर जायचा. दवाखान्यांची पत्रकं, सोसायट्यांची माहितीपत्रकं, रिद्धपूरच्या एका धर्मशाळेचे नियम, पुण्याच्या लोकांची पुस्तकंसुद्धा त्या भावाच्या कानावरून गेली. पुणेकरांना आपलं मराठी कुठल्या चाळणीतून निघतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी मॅडमना गुपित विचारलं तर म्हणायच्या, "मले अक्कल नाही. माया भावाले समजलं का जगाले समजते."

मोबाईल आले आणि माझा कॅफे बसला. मॅडमकडे तोवर काम मावत नव्हतं. त्यांनी मला बोलावलं आणि त्यातलं थोडं माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, "माया दहावा तुमीच टाइप केला ना? मंग यवढं बी येईन." आज माझं पोट त्यावरच चालतं. माझी स्वतःची वेबसाईट आहे आणि तिच्यावर फुलांची चौकट नाही.

शेवटची दोन वर्षं त्यांना मूत्रपिंडाचं दुखणं लागलं. आमच्याकडे त्याचा दोष खाऱ्या पाण्याला देतात. त्या आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या सुईला बांधून घ्यायच्या आणि तिथेच एका हाताने कागद तपासायच्या. मानपत्र जित्या माणसाला असतं हे मी विसरलो नव्हतो. मी त्यांचं लिहिलं आणि दवाखान्यात नेऊन दिलं. त्यांनी लाल पेन मागितलं. 'थोर' खोडलं, 'अविरत' खोडलं, एका ठिकाणी "हे खोटं हाये, मी यवढी चांगली नाही" असं लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "किती झाले याचे?" मी म्हटलं, "मॅडम, तुमच्याकडून?" त्या खरोखर रागावल्या. "मंग फाडून टाका. लिहिणाऱ्याले फुकट राबवाले मी काय संस्थेची अध्यक्ष हावो?" मी पैसे घेतले. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून रडलो तेव्हा ते माझ्या मुठीतच होते. ते मानपत्र वेबसाईटवर लागलं आणि त्यांनी ते जिवंतपणी, लोकांनी पाठवलेल्या निरोपांसकट वाचलं.

त्या गेल्यानंतर काही दिवसांनी भाऊ माझ्याकडे आला. आई आधीच गेली होती, त्यामुळे आता त्या दोन खोल्यांची किल्ली त्याच्याकडे होती. म्हणाला, "मानपत्र नोका लिहू. थे तिनं जितेपणी घेतलं. आता ताई कशी होती, नुसतं यवढं लिहून द्या. घरी पोरायले वाचून दाखवतो."

ते हे लेखन. लिहून झाल्यावर मी मॅडमच्या पद्धतीने त्याला फोन लावला. तो वावरात होता, वारा ऐकू येत होता. मी पहिल्या ओळीपासून वाचत गेलो. नारळ झाला, लाइनमन झाला, टेम्पो झाला, लाल पेन झालं. तो एकदाही "म्हणजे?" म्हणाला नाही.

संपल्यावर तो म्हणाला, "समजलं. सगळं समजलं भाऊ. नारळ नाही आणत. काय घेसान थे सांगा."